हिंगवालीचं नाक

परंड्याच्या खैरुनबीचं नाक पंचक्रोशीत गाजलेलं. निजामाचा जकातनाका ओलांडून बार्शीहून, म्हणजे इंग्रजांच्या हद्दीतून, कच्चा हिंग आणायचा, भिजवायचा, कणीक-डिंकात मळून खडे वळायचे आणि गावोगाव विकायचे. गिऱ्हाइकासमोर खडा हुंगून तिनं मान डोलावली की बायका डोळे झाकून हिंग घेत.

पण दोन वर्षांपूर्वी तापात तिला वास येणंच बंद झालं. तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगून खायचं काय? हुंगायचं सोंग तेवढं चालू ठेवलं, आणि तेव्हापासून बाईच्या जिवाला थारा नव्हता.

त्या दुपारी सून शरिफाबी माहेराहून परतली. कालचे खडे हुंगून म्हणाली, "अम्मा, इनकू बासच नै."

खैरुनबीनं कोनाड्यात पाहिलं. भिजवलेल्या हिंगाची वाटी झाकलेली, तशीच भरलेली! मळताना दारात कुणी हाक मारली, ती उठली, आणि परत येऊन नुसती कणीकच मळत बसली. नाक शाबूत असतं तर असं होतं कशाला?

त्यातला एकच खडा विकला होता. सकाळीच, दोन कोसांवरच्या द्वारकाबाईला. तिचा बारा दिवसांचा नातू पोटफुगीनं तळमळत होता, दूध धरत नव्हता. बेंबीभोवती लावायला हिंग हवा होता.

ओला हिंग फडक्यात बांधून खैरुनबी निघाली. चप्पल तुटली, ती तिथंच टाकली. दोनदा वाटलं, मागं फिरावं. पाय थांबले नाहीत.

दारातूनच पोराचं रडणं ऐकू आलं.

"खैरून, तुझा हिंग लावला, पर गुण न्हाय," द्वारकाबाई रडकुंडीला येऊन म्हणाली.

"त्यात हिंगच न्हाय, बाई. म्या इसरले. मला वास येत न्हाय, दोन वरसं झाली."

द्वारकाबाईनं फडकं हिसकावलं, हिंग उगाळला, लावला. बऱ्याच वेळानं पोर पादलं, मग अंगावर प्यायला लागलं.

"दोन वरसं," द्वारकाबाई म्हणाली, "आमी तुझ्या नाकाच्या भरवशावर लेकरं ठिवली."

खैरुनबीनं कनवटीचे सकाळचे पैसे काढून तिच्यापुढं ठेवले.

"फुडल्या बारीला सुनंला संगं आण. ती हुंगंल, मग घीन."

परतीच्या वाटेत सवयीनं खैरुनबीची बोटं नाकाशी गेली. वास आला नाही. तिनं मान डोलावली नाही.