वायसरचे हेल्मेट

दिनांक नऊ फेब्रुवारी. बेचाळीस हजार सहाशे पन्नास. एवढी रक्कम डेंटरने रुग्णालयाच्या खिडकीत ठेवली, पावती घडी करून खिशात घातली आणि आतल्या माणसाला विचारले, "एवढ्यात अख्ख्या गाडीचं डेंटिंग-पेंटिंग होतं. तुम्ही नुसती टोपी देणार?"

"टोपी नाही, हेल्मेट."

"तेच ते. गाड्या आम्ही उडवायच्या आणि हेल्मेट सात महिन्यांच्या पोरीनं घालायचं."

रांगेतले दोघे हसले. त्याने मागे वळून पाहिले, तसे त्यांचे हसू जागच्या जागी विझले. डेंटरचे बघणेच तसे होते. मार खाल्लेल्याला ते लगेच ओळखू येई आणि न खाल्लेल्यालाही शंका घ्यायला लावी.

डेंटर हा त्याचा धंदा होता आणि हाकही. गाडीचा चेपलेला पत्रा मागून ठोकळी लावून, पुढून हातोडी मारून पूर्ववत करायचा, हे काम तो बापाकडून शिकला. बापाच्या तोंडी एकच क्रियापद होते, सरळ करणे. दरवाजा सरळ करायचा, पैसे बुडवणारे गिऱ्हाईक सरळ करायचे, पोरगा सरळ करायचा. डेंटर अकरा वर्षांचा असताना त्याच्या हातून एक हातोडी हरवली. बापाने अशी एक ठेवून दिली की त्याचा उजवा कान कायमचा बंद पडला. हातोडी दुसऱ्या दिवशी एका गाडीच्या सीटखाली सापडली. त्यावर बाप एवढेच म्हणाला, "बरं झालं, नवी आणावी लागली नाही."

पुढे डेंटरचा हात बसला. पत्र्यावर बसला तसा माणसांवरही बसला. गॅरेजच्या शेठला त्याचे काम हवे होते, म्हणून बाकीचे तो पोटात घाली. बायको घरी लोकांचे कपडे इस्त्री करून देई. तिच्या पोटात बाकीचे किती मावले याची नोंद कोणी ठेवली नाही.

मुलगी झाली तेव्हा ती इतकी लहानखुरी होती की शेठने तिला पाहून म्हटले, "अरे, ही तर वायसर!" नट आवळताना त्याखाली घालतात ती चपटी चकती, तीच ही वायसर. गॅरेजने हसून नाव उचलले आणि घरातही तेच रुळले.

वायसर दीड महिन्याची असताना एका दुपारी डेंटर गिऱ्हाइकाशी भांडून, डोक्यात राख घालून घरी आला. बायको चौकटीला हात टेकून दारात उभी राहिली. "अहो, हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"माझ्या घरात मी हळू बोलू?" असे म्हणून त्याने दार आपटले.

हात दिसला नाही, असे तो नंतर सगळ्यांना सांगत असे. दार मात्र त्याने दोनदा आपटले होते.

बायकोचे डावे मनगट मोडले. प्लास्टर झाले, ते निघाल्यावरही बोटे आखडलेलीच राहिली. मुलीला घ्यायचे ते उजव्या हातावर, पाजायचे ते त्याच हातावर, निजवायचे तेही भिंतीकडच्या त्याच बाजूला. पोर सदानकदा डाव्या कुशीला मान वळवून पडे. हळूहळू तिचे डोके डाव्या बाजूला मागे सपाट होत गेले. डावा कान पुढे सरकला, त्याच बाजूचे कपाळ फुगले. वरून पाहिले तर एखाद्या गाडीला मागच्या कोपऱ्यात ठोकर बसावी तसे दिसे.

हे प्रथम मोठ्याने बोलला तो गॅरेजमधला पेंटर. बायको डबा द्यायला आली होती, कडेवर वायसर. पेंटरने जवळ येऊन पाहिले आणि आपल्याला फार सुचले अशा आविर्भावात म्हणाला, "शेठ, नाव तुम्ही बरोबर ठेवलंत. वायसर म्हटल्यावर चपटी असायचीच!"

डेंटरच्या हातात लाकडी ठोकणी होती. पेंटर अजून हसतच होता, तेवढ्यात ती त्याच्या तोंडावर बसली. पुढचे दोन दात रंगाच्या डब्यात पडले. डेंटरने दुसऱ्यांदा हात उगारला तेव्हा शेठ मध्ये पडून ओरडला, "अरे, माणूस आहे तो! बोनेट नाही!"

बायको पोरीचे तोंड खांद्याशी दाबून निघून गेली. दुसऱ्याच दिवशी तिने मुलांच्या डॉक्टरांकडे नंबर लावला.

डॉक्टरांनी कवटीचे सांधे वेळेआधी जुळलेले नाहीत ना, हे तपासून घेतले. तसे काही नव्हते. मग त्यांनी कूस बदलून निजवायला आणि जागी असताना पालथी घालायला सांगितले. बायकोने दोन महिने ते नेमाने केले. फरक पडला, पण थोडा.

"एकाच कुशीवर का राहिली इतके दिवस?" डॉक्टरांनी विचारले.

"माझा हात दारात अडकला होता," बायको म्हणाली. "एकाच हातानं घ्यावं लागायचं."

डेंटर भिंतीवरच्या वजनाच्या तक्त्याकडे बघत राहिला.

डॉक्टर म्हणाले, "हेल्मेट घ्यायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. पण एवढा सपाटपणा आपोआप पूर्ण भरून येईल असंही सांगवत नाही. डोकं आत्ता भराभर वाढतंय तोवरच त्याचा फायदा. वर्ष उलटलं की फारसा नाही. विचार करून सांगा."

"बघू," डेंटर म्हणाला.

त्याने काय बघायचे ते मनाशी ठरवून टाकले होते. रविवारी सकाळी बायको इस्त्री तापत ठेवून मोरीत कपडे भिजवत असताना त्याने वायसरला मांडीवर घेतले. एक तळहात डोक्याच्या मागे ठोकळीसारखा लावला आणि दुसऱ्याने फुगलेले कपाळ दाबायला सुरुवात केली. त्याच्या लेखी हे प्रेमच होते. पत्र्यावर तो इतका हलका हात कधी ठेवत नसे. वायसर किंचाळली. त्याने दाब वाढवला. "झालं, झालं, सरळ होईल आता," तो म्हणत होता.

गालाला धग लागली म्हणून त्याने मान वळवली. बायको उभी होती. हातात तापलेली इस्त्री, त्याच्या डोळ्यापासून वीतभर अंतरावर.

"हात काढ."

अहो-जाहो कुठल्या कुठे गेले होते.

"वेडी झालीस का? अगं, मी तिचं..."

"हात काढ, नाहीतर तुझ्या तोंडाला घडी पाडते."

तो हलला नाही. तिने इस्त्री टेकवली. फार नाही, निमिषभर. कानशिलावरचे केस करपले आणि कातडीवर चट्टा उठला. डेंटरचे हात सुटले. तिने वायसरला उचलले, इस्त्री मात्र खाली ठेवली नाही.

"हेल्मेट करायचं," ती म्हणाली. अहो-जाहो परत आले होते. "आणि यापुढे पोरीच्या डोक्याला तुमचा हात लागला, तर मी भावाकडे जाईन. परत येणार नाही. मला शोधायला आलात तर तो फरशीवाला आहे, त्याच्याकडेही हातोडी आहे."

अशा रीतीने नऊ फेब्रुवारीला ते पैसे भरले गेले. चट्ट्याबद्दल डेंटरने गॅरेजमध्ये सायलेन्सर लागल्याचे सांगितले. पेंटरला आता नीट बोलता येत नव्हते, त्यामुळे त्यावर विनोद झाला नाही.

डोक्याचे माप घेऊन हेल्मेट बनवणाऱ्या बाईंना डेंटर साचेवाल्या बाई म्हणे. त्यांनी पंधरवड्यात हेल्मेट तयार केले. बाहेरून कडक कवच, आतून जाड मऊ अस्तर. अंघोळ आणि साफसफाईचा तास सोडला तर दिवसरात्र घालायचे. वायसरने पहिल्या दिवशी रडून आकाशपाताळ एक केले, दुसऱ्या दिवशी ते भिंतीवर आपटून पाहिले आणि तिसऱ्या दिवशी त्यातच झोपली.

डेंटरला मात्र झोप लागेना. हेल्मेट कपाळाशी घट्ट बसत होते, पण मागे, नेमके चेपलेल्या जागी, बोट सहज आत जात होते. एवढे पैसे मोजून माल ढिला! साचेवाल्या बाईंनी समजावून सांगितले होते, पण तेव्हा त्या त्याच्या उजव्या बाजूला उभ्या होत्या आणि नीट ऐकू आले नाही हे कबूल करणे त्याला कमीपणाचे वाटले होते. तो नुसता मान डोलावत राहिला होता.

डोक्याला हात लावायचा नव्हता. हेल्मेटला लावायचा नाही असे कोणी म्हटले नव्हते.

वायसरच्या अंघोळीच्या वेळी त्याने हेल्मेट पुसायला म्हणून घेतले. मागचे अस्तर पातळ पात्याने अलगद सोडवले. गाडीच्या दाराला लावतात त्या काळ्या रबराचे तुकडे पोकळीच्या आकारात कापून आत बसवले आणि सोल्यूशन लावून अस्तर पुन्हा चिकटवले. काम इतके सफाईदार झाले की जोड त्याला स्वतःलाच सापडेना. पोरीच्या डोक्यावर हेल्मेट चढल्यावर मागून बोट घालून पाहिले. जात नव्हते. शेठच्या गाडीचा दरवाजा बसवल्यावरही त्याला एवढे समाधान झाले नव्हते.

वायसर रडू लागली. बायकोला वाटले, दात येत असतील. अस्तराला वास येत होता, पण तो वास नवऱ्याच्या कपड्यांनाही रोज येई. आठवडा उलटला तेव्हा हेल्मेट काढल्यावर मागे लाल वळ दिसला. तासाने तो फिका पडायला हवा होता, पण पडला नाही. दुसऱ्या दिवशी कातडी सोलवटली. बायकोने त्याच पावली रुग्णालय गाठले. डेंटरही मागोमाग गेला, कारण मालात खोट असेल तर चार शब्द सुनावायला कोणीतरी हवे होते.

"हे काय काम म्हणायचं?" आत शिरताच तो म्हणाला. "पोरीची कातडी गेली."

साचेवाल्या बाईंनी हेल्मेट हातात घेतले, आतून बोट फिरवले. थांबल्या. चिमट्याने अस्तराची कड उचलली. काळे रबर टेबलावर पडले.

"हे कुणी घातलं?"

"मी," डेंटर म्हणाला. "फिटिंग ढिलं होतं तुमचं."

"ढिलं नव्हतं. ती जागा मुद्दाम मोकळी ठेवली होती. आम्ही डोकं दाबत नाही. जिथे फुगलंय तिथे नुसतं टेकवतो आणि जिथे सपाट आहे तिथे जागा सोडतो. डोकं वाढताना तिकडे भरतं." बाईंचा आवाज चढला. "तिची वाढायची जागा तुम्ही बुजवलीत! सपाट भागावरच आठवडाभर दाब दिलात!"

बायको त्याच्याकडे बघत होती. नुसती बघत होती.

त्या बघण्याने त्याच्या अंगाचा भडका उडाला. तो साचेवाल्या बाईंच्या अंगावर धावून गेला. बायको मध्ये आली, उजव्या हातावर वायसर. वर गेलेली मूठ कुठेतरी उतरायलाच हवी होती, ती शेजारच्या काचेच्या कपाटात उतरली. अख्खे तावदान फुटून खाली आले. साचे गडगडले. वायसरच्या उघड्या डोक्यावर काचेचा चुरा उडाला.

पोर किंचाळली. डेंटरच्या मनगटातून रक्त टपटपत होते आणि त्याला ते कळत नव्हते. बायको खाली बसली, आखडलेल्या बोटांनी पोरीच्या केसांतून काचेचा एक एक कण वेचू लागली. आवाज ऐकून डॉक्टर दारात आले होते. मान वर न करता ती त्यांना म्हणाली,

"माझा हात दारात अडकला नव्हता. यांनी दार आपटलं. पहिल्यांदा मी ओरडले, मग पुन्हा आपटलं."

डेंटर म्हणाला, "हात दिसला नाही मला."

संध्याकाळी ती भावाच्या घरी होती. तिसऱ्या दिवशी डेंटर तिथे जाऊन दारावर लाथा घालू लागला. मेहुणा अंगाने किरकोळ होता, पण त्याने दार उघडताच बोलण्यात वेळ घालवला नाही. फरशा बसवायच्या ठोकणीचा पहिला घाव डेंटरच्या खांद्यावर बसला, दुसरा बरगडीवर. डेंटर पायरीवर आडवा झाला.

"भाऊजी, तुमच्या वयाचा मान ठेवून डोकं सोडलं," मेहुणा धापा टाकत म्हणाला.

"मला पोरगी बघू दे."

आतून बायकोचा आवाज आला. "तपासणीला दवाखान्यात आणते. लांबच्या बाकावर बसा. उठलात की संपलं."

वायसरची कातडी भरून आली, हेल्मेटचे अस्तर नवे झाले. डेंटर दर तपासणीला येऊन लांबच्या बाकावर बसू लागला. फुटलेल्या काचेचे दोन हजार त्याच्याकडून वसूल करायचे ठरले होते, तेही तो थोडे थोडे तेव्हाच खिडकीत भरी. दोन्ही तळहात मांडीखाली दाबून तो पोरीकडे बघत बसे. पहिल्या खेपांना त्याला पाहून वायसर आईच्या मानेत तोंड खुपसत असे. पुढे ती नुसती बघू लागली.

वर्षाची झाल्यावर हेल्मेट निघाले. साचेवाल्या बाईंनी माप घेतले. डोके बरेच भरले होते. डावा कान अजून जरासा पुढे होता, तो तसाच राहील असे त्यांनी सांगितले. बायकोने वायसरला खाली सोडले. ती बाकाला धरून उभी राहिली आणि एक एक पाऊल सरकत डेंटरच्या गुडघ्यापर्यंत पोहोचली. त्याचा हात मांडीखालून आपोआप निघाला आणि तिच्या डोक्याकडे गेला.

वायसरने दोन्ही हातांनी डोके झाकले आणि खाली बसली.

"राहू द्या," बायको म्हणाली. तिने पोरीला उचलले आणि ती बाहेर पडली. पुढची तपासणी नव्हती.

डेंटर आणखी थोडा वेळ बसला, मग उठून गॅरेजला गेला. काचेचे तीनशे वीस अजून द्यायचे आहेत.