लहूचं पॉलिश आणि सीमाचा चष्मा

लहू गमरेला चरा दिसला की त्याचे हात शिवशिवतात. मग ती गाडी ओळखीची असो की सिग्नलला शेजारी येऊन थांबलेली कुणा परक्याची. आखातातल्या मुहर्रकमध्ये विमानतळाच्या अलीकडे एक गल्ली आहे, तिथल्या एका गॅरेजमध्ये तो गाड्यांना पॉलिश करतो. दारावरचे चरे घासून काढायचे, पिवळ्या पडलेल्या हेडलाइटा पुन्हा स्वच्छ करायच्या, हे त्याचं काम, आणि ते तो इतकं झकास करतो की मालक क्षणभर आपलीच गाडी शोधत राहतो. "निघत नाही असा चरा अजून जन्माला यायचाय," असं तो म्हणतो. म्हणतो तेही चारचौघांत, जरा मोठ्याने.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, बुद्धवंदनेला आपली मराठी मंडळी हॉलवर जमतात. वंदना झाली, चहा फिरला, की कुणी मनगटावरचं घड्याळ काढतं, कुणी मोबाइल पुढे करतं, "लहूदादा, एवढं बघा ना." लहूदादा बघतात. नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही, आणि कौतुक झालेलं तर फारच आवडतं. त्याची स्वतःची काळी गाडी जुनी आहे, पण अशी लखलखीत, की मंडळातल्या बायका तिच्या दारात बघून केस सारखे करून घेतात.

त्याची बायको सीमा सीफमधल्या एका ऑफिसात अकाउंट्स सांभाळते. सकाळी लहू तिला सोडतो आणि संध्याकाळी आणायला जातो. पण गॅरेजचं काम घड्याळ बघत नाही. एखाद्या गाडीचं दार अर्धवट राहिलं की सीमा आपली बिल्डिंगखाली ताटकळत उभी. ऑगस्टच्या झळा अंगावर घेत ती उभी असते आणि बरोबरच्या एकेक जणी आपापल्या गाडीतून हात हलवत निघून जातात. हिनेही हसून हात हलवायचा. त्या हसण्याचाच तिला वीट आला होता. म्हणून तिने लायसन्सचं मनावर घेतलं. दोन टेस्ट झाल्या, दोन्ही वेळा घोडं पार्किंगमध्ये अडलं. तिसरी टेस्ट तोंडावर आली तेव्हा तिने जाहीर केलं, "या वेळी नाही झालं तर खलास. परत गाडीचं नाव काढणार नाही." आणि सीमा बोलते ते करते, हे लहूला लग्नापासून माहीत आहे.

तिचा चष्मा मात्र बघवत नव्हता. इथली धूळ पिठासारखी बारीक, कधी येऊन बसते कळत नाही. सीमा बोलता बोलता चष्मा काढायची, ओढणीच्या टोकाने खसाखसा पुसायची आणि पुन्हा लावायची. दिवसभर हेच. काचांवर बारीक चऱ्यांचं जाळं झालं होतं.

"टेस्टच्या आधी नवीन काचा करून घेते म्हणते मी," ती म्हणाली.

लहूला ते लागलंच. "घरात मी असताना? लोक काय म्हणतील?"

शुक्रवारी दुपारी जेवून सीमा आडवी झाली, तशी स्वारी चष्मा घेऊन बाल्कनीत गेली. छोटं बफिंग मशीन, बोटभर पॉलिश आणि मांडीवर जुना टॉवेल. हेडलाइट प्लास्टिकची, चष्म्याची काचही हल्ली प्लास्टिकचीच, मग फरक तो काय? मशीन घरघरलं आणि एकेक चरा दिसेनासा झाला. लहू मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होता. सीमा उठली, तिने चष्मा लावला आणि म्हणाली, "अगो बाई, नवाच झाला की." लहूने त्या आनंदात संध्याकाळचा चहासुद्धा स्वतः केला.

रविवारी सीमा क्लासवरून आली ती पर्स सोफ्यावर टाकून तशीच बसून राहिली. तिला शिकवणारी नसीबा मुहर्रकचीच, हिंदी अगदी आपल्यासारखी बोलणारी. ती कधी आवाज चढवत नाही. पण आज तिनेही विचारलं होतं, "सीमा, तुमको आज हुआ क्या है?" सीमाने पार्किंगच्या सरावाला उभे केलेले प्लास्टिकचे लाल कोन एकामागून एक आडवे केले होते.

"मला ती पांढरी रेघच सरळ दिसत नाही," सीमा म्हणाली. "डोकं धरलंय कालपासून. मी घाबरलेय हो. नाही जमायचं मला. उद्या फोन करून टेस्ट रद्द करते."

तिचे डोळे भरून आले होते. तिने चष्मा काढून टीपॉयवर ठेवला आणि तोंड धुवायला गेली. काहीतरी हाताला चाळा म्हणून लहूने चष्मा उचलला. आता, गॅरेजमध्ये पॉलिश झालं की तो एक करतो. गाडीच्या दारात वरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब बघतो. ट्यूब सरळ दिसली तर काम चोख, वाकडी दिसली तर कुठेतरी हात जास्त पडला. चष्म्याला असलं काही बघायची त्याला गरजच वाटली नव्हती. आता सवयीने त्याने काच ट्यूबखाली धरली.

ट्यूब नागमोडी दिसत होती. दुसऱ्या काचेतही तेच.

बायकोच्या हातात गाडी यायची वेळ आली आणि आपणच तिच्या डोळ्यांपुढचा रस्ता वाकडा करून ठेवला. सीमा तोंड पुसत बाहेर आली तेव्हा तो उभाच होता.

"तू घाबरली नाहीस," तो म्हणाला. "मी घाण करून ठेवलीय. चष्मा बिघडवला मी."

सीमाने दोन्ही हात कमरेवर ठेवले. "म्हणजे ते कोन तुम्ही पाडलेत," ती म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. लहूला मात्र हसायचा धीर होईना.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघं हूऱ्याला फराजच्या चष्म्याच्या दुकानात गेली. फराजने काच उजेडात धरली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "भाईसाब, इस पे क्या चलाया आपने?"

लहूने सांगितलं. फराजने आधी पोटभर हसून घेतलं आणि मग समजावलं. काचेवर पातळ कोटिंग असतं, ते पार गेलं. खालचा भाग घासताना कुठे जास्त, कुठे कमी घासला गेला आणि नंबर हलला. चष्म्याच्या काचेवरचा चरा घासून निघत नाही. कुणी टूथपेस्ट लावतं, कुणी सोडा, सगळ्याचा शेवट हाच. चरा पडूच द्यायचा नाही, एवढं आपल्या हातात.

"आप साफ कैसे करती हैं?" त्याने सीमाला विचारलं. सीमाने नेहमीच्या सफाईने ओढणीचं टोक उचललं आणि पुसून दाखवलं.

"सुकी धूळ?" लहू एवढ्या मोठ्याने ओरडला की दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं. "अगं, धुळीच्या गाडीला सुका फडका मारला म्हणून मी रोज लोकांशी भांडतो! आधी पाणी, मग फडका. सॅंडपेपर मारतेस तू काचेला!"

"मग घरात इतकी वर्षं काय बघत होतात?" सीमाने शांतपणे विचारलं.

फराजने तोंड फिरवून हसू लपवलं आणि जे सांगितलं तो लहूचाच धडा होता, फक्त गाडीऐवजी चष्म्याचा. आधी चष्मा नळाखाली धरायचा म्हणजे धूळ वाहून जाते. भांड्याच्या साबणाचा एक थेंब बोटाने फिरवायचा, धुवायचा आणि मऊ कापडाने टिपायचा. काच खाली करून कुठे ठेवायचा नाही. डोळ्यांवर नसला की डबीत. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर कधीच नाही, तापून कोटिंगला तडे जातात. नवीन काचा टेस्टच्या आदल्या संध्याकाळी मिळतील, इंशाल्ला.

मिळाल्या. टेस्टच्या दिवशी लहू बाहेरच्या कुंपणाशी उभा होता. बसवेना, चालवेना. शेवटी लांबून नसीबा दिसली. तिने नुसता अंगठा वर केला आणि लहूने शेजारी उभ्या असलेल्या अनोळखी माणसाला मिठी मारली.

घरी येताना चावी सीमाकडे. तिने पूल व्यवस्थित पार केला, वळणं व्यवस्थित घेतली. लहू शेजारी बसून ब्रेक मारल्यासारखा पाय दाबत होता, तेवढं सोडलं तर सगळं छान चाललं होतं. त्यांच्या बिल्डिंगच्या बोळात मात्र, पार अगदी शेवटी, मागच्या दाराकडून खर्रर्र असा आवाज आला.

लहू उतरला. भिंतीचा चुना लागून पांढराफटक, हातभर लांब चरा पडला होता. त्याने त्यावर बोट फिरवलं. सीमा स्टीअरिंग घट्ट धरून बसली होती.

"पार्किंग झालं की नाही तुझं?" लहू म्हणाला. "झालं ना. उतर आता, पेढे आणायचेत."

शुक्रवारी हॉलबाहेर सगळ्यांनी तो चरा पाहिला. दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये बरोबर काम करणाऱ्या बासितने तर मशीनच उचललं, म्हणाला अर्ध्या तासाचं काम आहे. लहूने त्याला हाताने अडवलं. "मफी," तो इथल्या अरबीत 'नाही' म्हणाला. "रहने दो."

हल्ली सकाळी सीमा चष्मा नळाखाली धुते, टिपते, लावते आणि चावी उचलून निघते. संध्याकाळी सीफहून सुटली की ती गॅरेजवर येते. लहू हात धुऊन आधीच रस्त्याच्या कडेला उभा असतो. कधीकधी तिला उशीर होतो आणि तो ताटकळतो. बरोबरची पोरं जाताना हात हलवतात, तोही हलवतो. वळणावरून काळ्या गाड्या एकामागून एक येत असतात. आपली कोणती, ते त्याला आता लांबूनच त्या चऱ्यावरून कळतं.