तिसऱ्या नंबरची पंच आणि लीगची मार्ज

मार्ज गेली. आणि आमचं बोलणं अजून बंद आहे.

मला अक्षर येत नाही. मी सांगतेय, नात प्रज्ञा टाइप करतेय. चुका तिच्या.

सून स्टुडंट व्हिसावर नर्सिंग शिकायला आली. तिच्यामागे मुलगा विकास, प्रज्ञा आणि भाकऱ्या थापायला मी.
त्या वर्षांत जो तो इकडे शिकायलाच येत होता. सिडनीपासून लांबच्या गावात राहिलं की पीआरचे, म्हणजे कायमचं राहायला मिळायचे, पॉइंट जास्त.
म्हणून आपली आठ घरं गव्हाच्या शेतांमधल्या एका गावात जाऊन राहिली.

तिथे एक हायस्कूल. पोरं इतकी कमी, की सगळ्यांची नावं मलाही पाठ.

आसपासच्या अशाच पाच शाळांची मिळून एक लीग होती. वर्षातून एकदा पाचही शाळा एका मैदानावर धावायच्या.
आमच्याच गावची मार्ज त्या लीगची सेक्रेटरी. लीग सुरू झाली त्या वर्षी ती स्वतः धावली होती.

"कितवी आलीस?" मी विचारलं.
"लास्ट. बट बेस्ट लेग्ज."

झाली मैत्री. ती इंग्रजीत, मी मराठीत, मध्ये प्रज्ञा.

ती सांगायची, आधी दहा शाळा होत्या. गावातली रेल्वे बंद झाली, दोन शाळा गेल्या. दुधाची फॅक्टरी गेली, आणखी तीन गेल्या.
नियम एकच. रिलेला चार मुली उभ्या करता आल्या नाहीत, की ती शाळा बाहेर. आणि पाचातली एक गेली, की लीगच संपली.

आमच्या शाळेच्या चार मुलींत तीन आपल्या. शेवटी धावायची प्रज्ञा.

मार्जने मला पंच केलं. हो, मला!
"यू वॉच थर्ड, लव्ह. ओन्ली थर्ड."
पहिली-दुसरी कोण, ते बघायचंच नाही. तिसऱ्या पोरीचा खांदा धरायचा आणि पांढरी रिबीन द्यायची.
वाचायचं काम नाही. इतका मान मला माझ्या लग्नातही नव्हता.

मग एका मंगळवारी लीगची मीटिंग झाली. मार्जला विचारलं, पुढच्या वर्षी तुमच्याकडे चार मुली आहेत का?
ती म्हणाली, नाही.

एवढंच. लीग बंद.

आणि गुरुवारी ही बाई माझ्यासमोर बसून पुढच्या वर्षाच्या रिबिनी कापत होती. मीही कापत होते. वर मला म्हणते, "नाइस अँड स्ट्रेट."

सोमवारी शाळेत जाहीर झालं. प्रज्ञाने घरी येऊन बूट भिंतीवर फेकले. पुढच्या वर्षी ती कॅप्टन होणार होती.

आम्ही दोघी तशाच मार्जच्या दारात.
"चार मुली नाहीत म्हणालीस?"
"येस."
"आणि माझ्याकडून रिबिनी कापून घेतल्यास?"
"यू लुक्ड हॅपी," ती म्हणाली.

असा राग आला मला! माझ्या सुखाची हिला एवढी काळजी!

मग तिने सांगितलं. विकास तिच्याकडून भाड्याच्या घरासाठी रेफरन्स लेटर घेऊन गेला होता. घर गिरावीनला, सिडनीत. आणखी दोन घरांनीही तशीच पत्रं नेली होती.
"चार मुली मी कुठून आणू?"

हे मला मराठीत सांगता सांगता प्रज्ञा रडायला लागली.
"आजी, डिड यू नो?"
"मला कोण काय सांगतं गं?"

मार्ज माझ्याकडे बघत राहिली.

महिन्याभरात आम्ही निघालो. ती निरोपाला आली नाही. मीही तिच्या दारात गेले नाही.
इथे शेजारच्या वेंटवर्थव्हिलच्या वाणसामानाच्या दुकानात जी भेटेल तिला सांगत सुटले, त्या गोरीने आम्हाला कसं फसवलं.

आज तिच्या मुलीचा मेसेज आला. शुक्रवारी फ्युनरल आहे.
विकास म्हणतो, "आई, सहा तासांचा ड्राइव्ह आहे."
म्हटलं, पत्र आणायला तिच्या दारात चोरून गेलास ना? गाडी काढ.

आता प्रज्ञा, पुढचं न थांबता लिही.

त्या मीटिंगच्या आधी मार्जने मला विचारलं होतं, "आर यू स्टेइंग?" तू जवळ नव्हतीस, पण एवढं इंग्रजी मला कळतं.
मी म्हटलं, "स्टे, स्टे."
तेव्हा गिरावीनचं घर ठरलेलं होतं. विकासने मला दिवाळीतच सांगितलं होतं.
तिच्या दारात तू मला विचारलंस, तेव्हा मार्जला माझ्या तोंडावरूनच सगळं कळलं. तुला ती तिथल्या तिथे सांगू शकली असती. तिने तुझा राग स्वतःवर घेतला, पण तुझी आजी तुझ्याजवळ राहू दिली.

प्रज्ञाचा हात थांबलाय. "यू न्यू? ऑल धिस टाइम?"

लिही गं. मग बोलू नकोस माझ्याशी हवं तर.

मार्ज, त्या रिबिनींचा राग अजून आहे, तो राहू दे. पण खोटं आधी मी बोलले.
जा बाई, सुखाने जा. तुला माझा मनापासून नमस्कार.