देवमन पेंटरने नटवलेली पाटी

अकोल्याच्या जुन्या शहरात देवमन पेंटरच्या हातचं अक्षर साधं उभं राहतच नसे. दांडा वर बारीक, पोटाशी भरदार, पायाशी वळलेली वेल, शिरोरेघेच्या टोकांना पानं, आणि जरा मोकळी जागा दिसली की तिथे कळी. सोनार, मिठाईवाला, लग्नाचा मांडव, सगळीकडे त्याचंच नटवं अक्षर. दवाखान्याला आणि तेरवीला मात्र तो ते देत नसे. "रडत्या मानसापुढं मुरडू नये," म्हणायचा. दुसरा नियम असा की नटवायचं फक्त नाव. खालचा मजकूर साधाच हवा, नाहीतर आत काय मिळतं ते गिऱ्हाइकाला कळणार कसं?

एवढं शहाणपण असलेल्या माणसाच्या बायकोच्या दुकानाला पस्तीस वर्षं पाटीच नव्हती. सत्यवतीबाई मोर्णा नदीच्या पुलाजवळ फुलं विकायच्या.

"साऱ्या अकोल्याची नावं नटवली जी तुमी, माह्यंच काहून राह्यलं?" एका सकाळी त्या कडाडल्या. "शुक्रवारी पाटी नाई लागली तं शेखरचा फ्लेक्स लावतो. आन् बांबू तुमीच धरसान!"

शेखर कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये असलंच वेलदार अक्षर एका क्लिकवर निघायचं. पेंटरची बायकोच फ्लेक्स लावते म्हटल्यावर गावात तोंड कुठे दाखवायचं?

देवमन पत्रा घेऊन बसला. अक्षराला वेल काढली, वेलीला फुलं, फुलावर भुंगा. लोकांच्या पाट्यांवर आखडता घेतलेला हात इथे आवरेना, कारण या बाईला त्याने जन्मात एक गजरा दिला नव्हता. शुक्रवारी सकाळी पाटी टांगली, मागे सरकून पाहतो तर अख्ख्या पत्र्यावर एकच शब्द, 'सत्यवती'. खाली 'फुलांचं दुकान' लिहायला बोटभर जागा उरली नव्हती. बरं, ते एक नावही धड वाचता येईना.

"कायचं दुकान हाये, हे कोठी लिवलं?" सत्यवतीबाईंनी विचारलं.

"फुलं तं समोरच हायेत न वो," देवमन पुटपुटला आणि ओला रंग पुसायला टर्पेंटाईन आणायला पळाला.

परतला तर पाटीपुढे ही गर्दी! एकजण स्कूटर थांबवून मान वाकडी करत होता. दुसरा 'सरस्वती'वर पैज लावत होता. खुशालराव मास्तर चष्मा पुसून अक्षराला अक्षर जोडत होते. आणि सत्यवतीबाई एकेकाला धरत होत्या, "वाचून झालं न? मंग हार घ्या. फुकट वाचता काय?" दुपारपर्यंत टोपल्या रिकाम्या झाल्या.

देवमनने तरी पत्र्याकडे टर्पेंटाईनचा बोळा नेला.

"खबरदार, हात लावसान तं!"

"अवो, पन कोनाले वाचता येत नाई ते."

"मले येते," सत्यवतीबाई म्हणाल्या आणि उगाच रिकामी टोपली झटकू लागल्या. देवमनने बोळा फेकून दिला आणि उरलेल्या टोपल्या उचलू लागला.

दुसऱ्या दिवशी शेखरचा फ्लेक्स आलाच. नवऱ्याचा भरवसा नाही म्हणून बाईंनी तो आधीच सांगून ठेवला होता. त्यांनी तो पालथा अंथरला आणि वर झेंडूचा ढीग ओतला. तुझा फ्लेक्स लय चांगला निघाला, फुलांना माती लागत नाही, असं त्या शेखरला अजून सांगतात.