माथ्याची ताल

खराडीतल्या आमच्या सोसायटीचा मी सेक्रेटरी आहे. हे पद मला मानाने मिळालेलं नाही. निवडीच्या सभेला मी उशिरा पोहोचलो, एवढंच कारण. सदाशिव पेठ सोडून मुलाच्या फ्लॅटवर राहायला आल्यापासून माझ्याकडे वेळ भरपूर आणि लोकांकडे तक्रारी भरपूर. त्यातलीच एक: "दीनानाथकाका, पार्किंगच्या मागे कुणीतरी दगड रचतंय. अतिक्रमण आहे, बघा जरा."

गेलो. इमारतीच्या मागे नाल्याकडे उतरणारी ओसाड जागा आहे. तिथे वॉकर शेजारी ठेवून प्लॅस्टिकच्या खुर्चीत एक नऊवारीतली म्हातारी बसली होती, आणि कॉलेजात जाणारी एक मुलगी घामाघूम होऊन दगडावर दगड ठेवत होती. शेजारच्या प्लॉटवरचं जुनं गोदाम पाडलं होतं. त्याच्या पायातले काळे दगड या दोघींनी तिथल्या वॉचमनला विचारून आणले होते. म्हणजे आणले मुलीने, आजींनी नुसते निवडले.

"आपण हे काय चालवलंय?" मी विचारलं.

"शाळा," म्हातारी म्हणाली.

पुण्यात जन्म काढलेल्या माणसाला इतकी तुटक उत्तरं द्यायची सवय असते, ऐकायची नसते.

या गोदाबाई. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, आयटी कंपनीची कॅब चालवणाऱ्या संतोषच्या आई. त्यांचं गाव पानशेत धरणाच्या मागच्या डोंगरात. तिथली भातखाचरं उतारावर एकाखाली एक उतरत जातात, आणि प्रत्येक खाचराची माती धरून ठेवायला दगडाचा बांध असतो. त्यात चुना नाही, सिमेंट नाही. त्याला ते लोक ताल म्हणतात. सगळ्यात वरची ती माथ्याची ताल, डोंगराचं पाणी आधी तिच्यावर येतं. मागच्या पावसाळ्यात ती मधोमध फुटली. ती बघायला गेलेल्या गोदाबाई घसरल्या आणि खुबा मोडून बसल्या. संतोषने त्यांना पुण्यात आणलं, ऑपरेशन केलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की आता डोंगर विसरा.

डोंगर विसरतील तर त्या गोदाबाई कसल्या! नवरा गेला, गावातले तरुण कामाधंद्याला पुण्यात आले, तेव्हा ताल रचायचं काम त्या सासऱ्यांकडून शिकल्या होत्या. आता ते येणारं गावात दुसरं कुणी उरलं नव्हतं. माथ्यापर्यंत रस्ता नाही, त्यामुळे सिमेंटचं नावच काढायला नको. पावसाआधी ताल उभी राहिली नाही, तर पाणी थेट खालच्या खाचरांत घुसणार आणि माती घेऊन जाणार. त्यांचे चुलत दीर बापूराव तर उघड म्हणत होते, की यंदा खाचरं गेली तर डोंगर एखाद्या फार्महाउसवाल्याला देऊन मोकळं होऊ. बापूरावांनी जमीन विकली की बाकीची घरंही त्यांच्यामागे जाणार, हे ठरलेलं.

"म्या जाऊ शकत न्हाई," गोदाबाई मला म्हणाल्या, "पन माझं काम जाऊ शकतं. ही घेऊन जाईल."

ही म्हणजे नात, अपेक्षा. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की काका, मला यातून सोडवा.

मी कुणाला सोडवलं नाही. तक्रार करणाऱ्यांना सांगितलं, की जमीन नाल्यात वाहून जाऊ नये म्हणून काम चालू आहे, हरकत असल्यास लेखी द्यावी. लेखी म्हटल्यावर आमच्याकडे कुणाचीच हरकत उरत नाही.

दर रविवारी शाळा भरू लागली. मी माझी खुर्ची घेऊन जायचो आणि गोदाबाईंचे धडे ऐकायचो. "लांब दगड म्होरं आडवा मिरवायचा न्हाई. त्याचं शेपूट आत मातीत घालायचं." "ताल डोंगराकडं लवलेली पायजे, दाराला खांदा लावून उभ्या मानसावानी." एका रविवारी भिंत अपेक्षाच्या कमरेपर्यंत आली. मला तर ती फार देखणी वाटली. गोदाबाई उठल्या, वॉकर टेकत जवळ गेल्या आणि त्याच वॉकरने त्यांनी ती धडाधड पाडली.

"आजी! परफेक्ट होती ना!"

"पोट सुटलं व्हतं तिला. मधनं फुगली व्हती."

"कुठे? मला तर काहीच दिसलं नाही."

"तेच शिकायचंय."

अपेक्षा रडकुंडीला येऊन वर निघून गेली. आता काही ही परत येत नाही, असं मी मनाशी म्हटलं. पुढच्या रविवारी खाली गेलो, तर आजीच्या आधी ती हजर, दात-ओठ खात दगड लावत होती. हट्टात ही नात आजीला पुरून उरणार, हे मला तेव्हा कळलं आणि फार बरं वाटलं.

तिने आपली एक युक्ती काढली. दगडांचा एक थर झाला की बाजूने, एकाच जागी उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा.

"दगडाचा कसला फोटू काढतीस? लगीन हाय का त्याचं?" गोदाबाईंनी टोमणा मारला. अपेक्षाने फोटो काढणं सोडलं नाही, आणि गोदाबाईंनी भिंती पाडणं सोडलं नाही.

मे महिन्यात परीक्षा संपली तशी ती मांजरी गावात राहणाऱ्या दोन मावसभावंडांना, साई आणि श्रद्धाला घेऊन गावी निघाली. निघताना गोदाबाईंनी बजावलं, "मला फोन करू नको. माथ्यावर रेंज न्हाई, आन् असली तरी करू नको. मला इचारून रचलीस तर ती माझीच ताल व्हईल. म्या किती दिस पुरनार?"

पोरं गेली आणि या बाई पार्किंगमागे एकट्याच जाऊन बसू लागल्या. एकदा आपण होऊनच म्हणाल्या, "भ्या वाटतंय हो मला." मी चहा मागवला.

अपेक्षा परतली ती काळवंडून, बोटांना पट्ट्या बांधून. मी त्यांच्या घरीच होतो.

"आजी, ताल बांधून झाली होती. सगळं गाव वर आलं, बापूआजोबांनी नारळ आणला. मी सहज सगळे फोटो एकामागे एक बघितले. नुसत्या डोळ्यांनी कळत नव्हतं, पण फोटोत मधला भाग पुढे सरकताना दिसत होता."

"मंग?"

"पाडली. सगळ्यांसमोर. पाऊस तोंडावर आलाय म्हणून लोक इतके बोलले मला! साईसुद्धा चिडला. मग परत खालपासून घेतली, आणि पुरी करूनच आले."

गोदाबाईंनी तिचे दोन्ही हात ओढून मांडीवर घेतले आणि कितीतरी वेळ पट्ट्यांवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "ते फोटूत पोट कसं दिसतं, मला दाव." आणि चष्मा लावून शाळेतल्या पोरीसारख्या शिकत बसल्या.

ऑगस्टमध्ये डोंगरात पाऊस असा कोसळला, की खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि इथे पुण्यात नदीपात्रातला रस्ता बुडाला. गावाशी संपर्क नाही. संतोषच्या घरात कुणाला जेवण जाईना. मी पाण्याच्या टँकरचं निमित्त काढून तिथेच बसून राहिलो. संध्याकाळी बापूरावांचा फोन आला, एसटीच्या थांब्यापर्यंत उतरून केलेला. अपेक्षाने तो स्पीकरवर टाकला.

"वैनी, ताल उभी हाय. दगडांतनं पानी झिरपतंय, पन माती जागची हलली न्हाई. खालचं समदं भात उभं हाय."

गोदाबाई तोंडाला पदर लावून रडल्या. माझेही डोळे भरले, आणि ते मी लपवले नाहीत.

"दिवाळीनंतर तिच्या खालची घ्यावी म्हनतो," बापूराव पुढे म्हणाले. "तिचाबी भरवसा न्हाई. कशी करायची, तुमी सांगाल तसं."

"मला काय इचारता? ताल रचनारी हितं बसलीया."

अपेक्षाने फोन तोंडाजवळ घेतला. "बापूआजोबा, मी येईन. पण एकटी रचणार नाही. गावातल्या चार जणांनी माझ्या हाताखाली शिकायचं. मी पाड म्हटलं की पाडायचं. कबूल असेल तरच येते."

"त्या चारांत," बापूराव म्हणाले, "एक मला धर."