पलसाण्याच्या रस्त्याची किनार

मंदा बोरसेला सायकलसुद्धा धड चालवता येत नव्हती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णवच्या सुमारास सुरतच्या पांडेसरा-बमरोली पट्ट्यात मोटारींच्या शर्यतीवरून सगळ्यात जास्त भांडणं तिनेच केली.

बाप अंमळनेरकडून लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, कामाला आलेला. मंदा मात्र रिंग रोडच्या एका डिझाइन स्टुडिओत कॉम्प्युटरवर साड्यांची फुलं काढायला शिकली आणि चार वर्षांनी बाहेर पडून पांडेसऱ्यात तिने स्वतःचा कॉम्प्युटर क्लास काढला. स्टुडिओतून तिने एक गोष्ट मात्र बरोबर आणली नाही: लपवायची सवय. सुरतच्या कापड बाजारात सकाळी काढलेलं डिझाइन संध्याकाळी समोरच्या दुकानात टांगलेलं दिसतं, त्यामुळे अनोळखी माणूस दारात आला की डिझाइनवाल्यांचे हात आपोआप कॉम्प्युटरचा पडदा बंद करायला धावतात. बायकोला पगार खरा सांगतील, पण सध्या कोणतं फूल काढतोय ते नाही.

रविवारी हीच मंडळी मंदाच्या क्लासात यायची, शर्यतीचा खेळ खेळायला. खेळ परदेशी, गाड्या परदेशी, रस्ते तर फारच परदेशी, म्हणजे खड्डा नाही आणि म्हैस नाही. पण खेळाच्या फाइली उघडता येतात, गाडीवरचं चित्र बदलता येतं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीतल्या प्रोग्रामने रस्तासुद्धा नवा आखता येतो, हा शोध दिवसभर चित्रं जोडून पोट भरणाऱ्यांना लागायला वेळ लागला नाही. त्यांच्यातल्या लोटूने कापडाच्या गठ्ठ्यांनी लादलेला तीनचाकी टेम्पो बनवला. वळणावर तो एका चाकावर उठायचा. गोपालने उधन्याहून पलसाण्याला जाणारा हायवे आखायला घेतला. डाइंगच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या गिरण्यांच्या, चिमण्या होत्या, रंगीत पाण्याची खाडी होती.

आणि मग बाजाराची सवय लागली. लोटू टेम्पो चालवू द्यायचा, पण स्वतः शेजारी बसून. खेळ संपला की मशीनमधून पुसायचा आणि फ्लॉपी खिशात. बाकीचे अदलाबदल करायचे, गाडीला गाडी, तीही परवलीचा शब्द घालून. परिणाम असा की बमरोलीत सात जणांनी सात चिमण्या काढल्या, आणि सातही वाकड्या.

मंदाने खिडकीजवळचं, सगळ्यात मोठ्या डिस्कचं मशीन वेगळं काढलं आणि जाहीर केलं की ज्याने जे बनवलंय ते इथे ठेवायचं, ज्याला जे हवंय ते इथून न्यायचं. सुधारायचं असेल तर सुधारून परत ठेवायचं. अट एकच. बनवणाऱ्याचं नाव कामाच्या अंगावर पाहिजे, आणि दुरुस्ती करणाऱ्याने त्याखाली आपलं लावायचं. क्लासात सगळ्यांनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिने घराच्या किल्ल्या मागितल्या होत्या.

“उद्या माझा टेम्पो दुसऱ्याच्या नावाने फिरेल, ताई,” लोटू म्हणाला.

“आज कुणाच्याच नावाने फिरत नाही. खिशात पडून आहे.”

लोटूने टेम्पो दिला नाही. गोपालने मात्र अर्धवट हायवे ठेवला. सुरुवातीच्या रेषेवर कमान, कमानीवर इंग्रजीत ‘गोपाल वाणी, बमरोली’. पुढच्या रविवारपर्यंत कुणीतरी चिमण्या सरळ केल्या, कुणी त्यातून धूर काढला, कुणी सपाट पडलेल्या चढाला खरा चढ आणला. कमानीखाली नावं वाढत गेली. महिनाभरात लोक समुद्राकाठच्या हजीऱ्याहून फ्लॉप्या घेऊन यायला लागले. मंदाला चालवता काहीच यायचं नाही, ती पहिल्याच वळणावर खाडीत जायची. पण कमान रोज वाचायची.

घोळ झाला तो कडेपट्टीवरून. शर्यतीच्या रस्त्याला कडेला लाल-पांढरी पट्टी असते. खेळात ती एका छोट्या चित्राची बनते, ते चित्र मैलभर पुन्हापुन्हा लागतं, आणि सांधा दिसला की रस्ता ठिगळ लावल्यासारखा वाटतो. आता, एका चित्राची, सांधा दिसू न देता, मैलभर पट्टी करणं म्हणजे साडीची बॉर्डर. गोपाल जयंतीशेठच्या स्टुडिओत दिवसभर तेच करायचा. नुकतीच त्याने दिवाळीच्या मालासाठी कोयरी आणि वेलाची एक बॉर्डर काढली होती, सांधा शोधून सापडणार नाही अशी. त्याने तीच लावली. चोरी करतोय असं त्याच्या मनातही आलं नाही. ज्याला सांधा जमला त्याला तो दाखवावासा वाटतो, एवढंच. पलसाण्यापर्यंतचा हायवे दोन्ही बाजूंनी किनार लावून सजला. फार सुरेख दिसत होता.

जयंतीशेठचा कॉलेजातला पुतण्या परेश, त्यानेही कुणाकडून तरी हा हायवे नेला होता. घरी खेळताना काका मागून पाहत उभे राहिले. काकांना शर्यतीतलं काही कळत नव्हतं, बॉर्डरमधलं सगळं कळत होतं. दिवाळीचा माल अजून छापायलाही गेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी शेठ क्लासात आले. मंदाने पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. आपलं नवं डिझाइन या मशीनवरून अख्ख्या गावात फिरतंय, म्हणून मशीन पुसा आणि हा सार्वजनिक धंदा बंद करा, असं त्यांचं म्हणणं होतं. मंदाने हायवे उघडून नीट पाहिला आणि कबूल केलं की बॉर्डर शेठची आहे, न विचारता लागली, ती आज निघेल.

“बॉर्डर तुमची. रस्ता आमचा,” ती म्हणाली. “रस्ता पुसणार नाही.”

“एम ना चाले, बेन. कोणी केलं ते सांगा मग.”

सांगायची गरजच नव्हती. पडद्यावर कमान उभी होती. शेठनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि निघाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी डिझाइन कोणी काढलं याची चौकशी केली होती, आणि उत्तरही लगेच मिळालं होतं. गोपालची नोकरी दुपारपर्यंत गेली.

त्यानंतर जे आले ते सगळे एकच मागणी घेऊन आले: कामं राहू द्या, नावं काढा. मंदाने प्रत्येकाला सांगितलं की काम न्यायचं तर खुशाल न्या, नाव एकटं निघणार नाही. बऱ्याच जणांनी नेलं. लोटूने काही नेलं नाही, त्याचं काही नव्हतंच. तो फक्त येऊन, मी म्हटलं नव्हतं का, एवढं बोलून चहा पिऊन गेला.

हे सगळं ताठ मानेने झालं. पण त्याच संध्याकाळी गोपाल आला तेव्हा मंदाची मान खाली होती. नाव लावायचा नियम तिचा, आणि बळी याचा. घरी म्हातारे आईबाप, बहिणीचं लग्न ठरत आलेलं. तो खुर्ची ओढून बसला, साधी लाल-पांढरी पट्टी काढली, बॉर्डरच्या जागी लावली, आणि हायवे एकदम इतर कुठल्याही रस्त्यासारखा दिसायला लागला.

“गोपाल,” मंदा शेवटी म्हणाली, “तुझं नाव काढू का?”

तो पडद्यावरून नजर न हलवता म्हणाला, “नोकरी गेली ती या नावावर. आता नाव पण घालवू?”

रस्ता राहिला म्हणून शेठ गप्प बसले नाहीत. त्यांचा क्लासच्या जागेच्या मालकाशी घरोबा होता. आठवड्याच्या आत मालकाला अचानक आठवलं की त्याला ती जागा गोडाऊनला हवी आहे. मंदाने वाद घातला नाही. खिडकीजवळचं मशीन तिने सगळ्यात आधी हातगाडीवर चढवलं, वर गोणपाट बांधलं आणि बमरोलीच्या चाळीत, दीड खोलीच्या घरात आणून कपाटाच्या बाजूला मांडलं. आई, सरलाबाई, भाकरी थापता थापता बघत होती.

“आते आठेबी पोरे येतीन का?”

“इथेही येतील, माय.”

“चपला बाहेर काढतीन, तं येऊ दे.”

येतील याची मंदाला खात्री नव्हती. शेठनी तोवर आपल्या स्टुडिओतल्या सगळ्यांना देवीच्या फोटोसमोर उभं करून शपथ घ्यायला लावली होती, की त्या बाईच्या मशीनशी आमचा संबंध नाही. रविवारी सकाळी चाळीच्या बोळात चपलांचा ढीग पडला. शपथ घेतलेले बहुतेक सगळे होते. त्यातल्या एकाने फ्लॉपी पुढे करत खुलासा केला की शेठनी जुन्या जागेचं नाव घेऊन शपथ दिली होती, या खोलीचा त्यात उल्लेख नव्हता. नेलेली कामं परत आली, नावांसकट. दोघांनी तर पूर्वी फक्त आडनाव लावलं होतं, ते आता पूर्ण लावून मागितलं. गोपाल मशीनपुढे बसून एकेक उतरवून घेत होता. नोकरी मिळाली नव्हती. जयंतीशेठच्या समोरच्या मार्केटातल्या एका शेठने बोलावलं होतं, पण ती कोयरीची बॉर्डर घेऊन ये म्हणाला, तेव्हा गोपाल उठून आला होता.

दुपारी दारात परेश उभा राहिला, बूट हातात घेऊन. खोलीतले हात सवयीने पडद्याकडे गेले. मंदाने बंद करू दिला नाही.

परेशने हजीऱ्याचा रस्ता बनवला होता. समुद्र जरा हिरवा झाला होता, पण जेटी छान होती. तो म्हणाला की ठेवायचाय, फक्त नाव नको. काकांनी पाहिलं तर घरात राहणं मुश्किल होईल.

खोलीत कुणीतरी हसलं. गोपालने मागे वळून पाहिलं नाही, बोटं कळफलकावर ठेवून तो थांबला.

“घर सोडायला लागलं तर इथे जागा नाही, भाई,” मंदा म्हणाली. “पण नाव लागेल.”

 परेशने बूट बाकीच्यांच्या चपलांशेजारी ठेवले, आत आला, आणि गोपालला आपलं नाव अक्षर अक्षर सांगायला लागला, वडिलांच्या नावासकट, आणि आडनाव सगळ्यात शेवटी, जरा मोठ्याने.