आमच्या मालकीचा सरकारी दवाखाना

नव्वदच्या दशकातल्या एका हिवाळ्यात तालुक्याचा सरकारी दवाखाना चार दिवस माझ्या मालकीचा होता. मी तो विकत घेतला नव्हता. तो माझ्या तोंडून निघून गेलेल्या एका वाक्यामुळे माझ्याकडे आला आणि तसाच गेला.

तेव्हा मी बारामतीला पाटबंधारे खात्यात कारकून होतो. मधल्या सुट्टीत चहावर आमच्यात वाद रंगायचे. त्या महिन्याचा विषय होता, सरकारने सगळ्यांना फुकट औषधपाणी द्यावं की नाही. मी कडाडून विरोधात! ‘‘टॅक्स माझ्या पगारातून कापायचा आणि त्यावर सगळ्या तालुक्याने खोकल्याचं औषध प्यायचं? हा कुठला न्याय?’’ असं मी टेबलावर हात आपटून विचारायचो. (टेबल सरकारी होतं.) पुरावा म्हणून पगाराची चिठ्ठी मी खिशातच ठेवायचो. बायको म्हणायची, ‘‘त्या चिठ्ठीला हळदकुंकू वाहायचं तेवढं राहिलंय.’’

अशात एका रविवारी मी अंथुर्ण्याला हौसाआत्याकडे गेलो. हौसाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. मी अंगणात शिरलो तर ती खुंटीवरच्या घोंगडीला आग्रह करत होती, ‘‘या की पाव्हणं, उभं का?’’ मी हसलो. मग तिने मला पाणी द्यायला तांब्या उचलला आणि माझ्या हाताच्या वीतभर अलीकडे सोडून दिला. तेव्हा मात्र हसू आलं नाही.

‘‘आत्या, सरकारी दवाखान्यात ऑपरेशन करून घेऊ. तिथं काही पडत नाही.’’

‘‘काय बी पडत न्हाय? मंजी फुकट?’’ आत्या ताठ बसली. ‘‘आरं, आपली मेंढरं लोकांच्या रानात बसवायचो तवा शेतकरी पायलीनं जवारी द्यायचा. का? तर रानाला लेंडीखत मिळायचं. आमी दिलं, त्यांनी दिलं. फुकट कुणाचं खाल्लं न्हाय. आन् आता डोळा फुकट घिऊ? मी काय भीक मागाया बसलीय?’’

खासगी दवाखान्याची ऐपत नव्हती आणि सरकारीची तयारी नव्हती. गावचे डॉक्टर तर म्हणत होते, आणखी उशीर केला तर एक डोळा हातचा जाईल. माझा जीव कासावीस झाला, आणि तोंडातून ते वाक्य निघून गेलं.

‘‘अगं, फुकट कुठं? दवाखाना आपलाच आहे. माझ्या टॅक्सवर चालतो!’’

आत्याचा चेहरा उजळला. ‘‘तुजा हाय? आन् आजवर बोलला न्हाईस?’’

(‘आपला’ हा शब्द जरा जपून वापरावा. आपला देश म्हटलं तर कुणी त्याची किल्ली मागत नाही, पण आपला दवाखाना म्हटलं की मागतात.)

सोमवारी आत्या गाठोडं घेऊन हजर! केसपेपरच्या खिडकीवरच्या माणसाने नाव विचारलं. आत्या म्हणाली, ‘‘मालकाची आत्या, असं लिव.’’ मी घाईघाईने पुढे होऊन ‘हौसाबाई’ सांगितलं. तो माझ्याकडे बघत उठून उभा राहिला.

वॉर्डात तर तिने यजमानपणच सुरू केलं. ‘‘निवांत ऱ्हावा. आपलाच दवाखाना हाय, आमच्या बिराचा.’’ (बिरा म्हणजे मी, बिरदेव.) दुपारी मी डबा घेऊन गेलो, तर एक म्हातारबाबा मला हात जोडून म्हणाले, ‘‘मालक, माजी खाट तेवढी खिडकीपाशी घ्या.’’ मी ‘बघतो’ म्हणालो! खरं सांगतो, नाही म्हणवेना. ‘मालक’ हा शब्द कानाला इतका गोड लागतो की दुसऱ्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो आणि वॉर्डातून दोनदा उगाचच फेरी मारली. सिस्टरांनी हळूच विचारलं, ‘‘तुम्ही पुण्याहून तपासणीला आलात का?’’ मी ‘नाही’ म्हणालो, पण ते अशा आवाजात की त्यांनी चादरी बदलायला घेतल्या.

गुरुवारी आत्याचं ऑपरेशन होतं. सकाळी तिच्या डोळ्यांत थेंब घालत होते, तेवढ्यात दारात टेंपो थांबला. त्यातून अंथुर्ण्याचे आमचे अकरा नातेवाईक उतरले. कुणाचा गुडघा, कुणाचा कान, कुणाची दाढ! एका चुलत्याला काहीच होत नव्हतं. ‘‘घरचाच दवाखाना हाय, तर म्हटलं बघून तरी यावं,’’ ते म्हणाले.

एवढा गलका ऐकून डॉक्टर बाहेर आले. ‘‘हे सगळे तुमचं नाव सांगतायत. आपण कोण?’’

बारामतीच्या कालव्यात तेव्हा पाणी सुटलेलं असतं, तर मी त्यात उडी घेतली असती.

‘‘मी... पाटबंधारे खात्यात कारकून. म्हणजे... टॅक्स भरतो.’’

डॉक्टर हसायला लागले. ‘‘अहो, तुमच्या वर्षभराच्या टॅक्समध्ये या वॉर्डाचा कापूससुद्धा यायचा नाही!’’

सगळे हसले. आत्या हसली नाही. ती खाटेवरून उतरली आणि चाचपडत गाठोडं शोधू लागली. ‘‘मंजी तू मला फसवलंस. फुकटच हाय ह्ये. मी चालले.’’ आणि दार समजून ती थेट भिंतीकडे निघाली. भिंतीवरून फिरणारा तिचा हात बघून मला रडूच फुटलं. टेबलावर आपटलेले माझे सगळे मुद्दे त्या घडीला मला नकोसे झाले.

सिस्टरांनी तिचा दंड धरला. ‘‘आजी, तंबाखू खाता ना?’’

‘‘खाते की. सोडायची न्हाय मी!’’

‘‘सोडाच, पण ते नंतर. त्या पुडीवर सरकारचा कर असतो. तो तुम्हीच भरता.’’

आत्या थबकली. ‘‘पुडीवर?’’

‘‘चहाच्या पुड्यावर, साबणावर...’’

‘‘काडेपेटीवर बी?’’

‘‘काडेपेटीवरही.’’

‘‘मिठावर?’’

‘‘मिठावर नाही. पूर्वी इंग्रज घ्यायचे. त्यावरून फार मोठं भांडण झालं.’’

‘‘झालंच पायजे,’’ आत्या म्हणाली आणि खाटेवर येऊन बसली. मग तिने सिस्टरांना प्रश्न विचारून विचारून भंडावलं. ह्यो कर दुकानदार ठेवून घेत न्हाय कशावरनं? गोळा कोण करतं? जो तंबाखू खात न्हाय त्याला बी हितं औषध देता? का देता? डॉक्टर घड्याळ बघत होते, पण तेही ऐकायला थांबले. मीही ऐकत होतो. चहावर महिनाभर वाद घातला, पण यातला एकही प्रश्न आमच्यापैकी कुणाला सुचला नव्हता.

शेवटी आत्याने मांडीवर थाप मारली. ‘‘मंजी लेंडीखतावानीच हाय की! समद्यांची मेंढरं एका रानात बसवायची. कुणाची शंभर, कुणाची दोन. कुठली लेंडी कुणाची, ह्ये कोण बघतंय? पीक आलं की समद्यांनी खायाचं.’’

‘‘अगदी तसंच,’’ डॉक्टर म्हणाले. ‘‘आता चला.’’

आत्या निघाली. दारातून वळून तिने मला विचारलं, ‘‘तू तंबाखू खातोस का रं?’’

‘‘नाही.’’

‘‘इडी?’’

‘‘नाही.’’

‘‘चा तरी घरचा पितोस का?’’

‘‘... हापिसात पितो. साहेब पाजतात.’’

आत्याने माझ्याकडे फार दयेने बघितलं, म्हणजे जिकडे मी असेन असं तिला वाटलं तिकडे.

पट्टी सुटली तेव्हा तिने आधी स्वतःचे हात उलटसुलट करून पाहिले. मग मला. ‘‘आरं, केस पिकलं की तुजं!’’ एवढं बोलून ती रडली, मी रडलो, आणि सिस्टर आम्हा दोघांवर ओरडल्या.

घरी जायच्या दिवशी आत्या सिस्टरांना बाजूला घेऊन म्हणाली, ‘‘ह्यो माजा भाचा. फार न्हाय, पर जमंल तसा टॅक्स भरतो. त्याला बी आपल्या दवाखान्यात येऊ देत जावा.’’

‘‘येऊ दे की,’’ सिस्टर म्हणाल्या.

मी दोघींनाही हात जोडले आणि मुकाट्याने जाऊन केसपेपरच्या रांगेत उभा राहिलो. सकाळपासून माझे डोळे आले होते.